बारावं नाव

संस्थेतल्या मुलांनी त्या चाचणीला नाव ठेवलं होतं 'दात काढणं'. वर्षभराचा अभ्यासक्रम संपत आला की प्रत्येकानं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम मॅडमच्या हवाली करायचा. मॅडम त्यातली एकच ओळ पुसायच्या आणि मशीन परत द्यायच्या. वीस मिनिटांत कुठली ओळ गेली ते शोधायचं, ती पुन्हा लिहायची आणि प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. ज्यानं तो खरंच स्वतः लिहिला असेल त्याला, दात पडलेल्या जागी जीभ जावी तशी, ती रिकामी जागा बरोबर लागायची. ज्यानं उसना आणला असेल तो वीस मिनिटं नुसता वरखाली करत बसायचा.

या चाचणीवरून मॅडम बारा जणांची यादी करायच्या, आणि एक मोठी कंपनी त्या बारा जणांना वेगळी परीक्षा न घेता नोकरीवर घ्यायची. सहा वर्षं हे चाललं होतं. बहात्तर मुलं गेली, एकही परत आलं नाही. कंपनीच्या बाई म्हणायच्या, "तुमची यादी आली की आम्ही फक्त खुर्च्या मोजतो." मॅडम हे कुणाला सांगत नसत, पण आतून त्यांना ते फार गोड वाटायचं.

या वर्षी तीस जणांच्या वर्गात त्यांची सख्खी भाची होती.

वर्गात 'मॅडम' म्हणायचं, 'तुम्ही' म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं आणि पोरीनं ते वर्षभर पाळलं. घरी मात्र ती मावशीच्या ताटातलं उचलून खायची. तिचा प्रोग्रॅम होता रुग्णालयाच्या धुलाईखान्यासाठी. कुठल्या वॉर्डातून किती चादरी आल्या, किती परत गेल्या, फाटलेल्या किती, डाग न गेलेल्या किती, हे सगळं त्यात होतं. कल्पना कुठून आली हे मॅडमना विचारावं लागलं नाही. भाचीची आई, म्हणजे मॅडमची ताई, अठरा वर्षं त्याच धुलाईखान्यात इस्त्रीच्या मोठ्या रुळावर उभी होती.

सोमवारी भाचीची पाळी आली. मॅडमनी एक साधी ओळ काढली. परत आलेल्या चादरींची बेरीज करणारी. ज्यानं हा प्रोग्रॅम लिहिला त्याला तीन मिनिटं पुरली असती.

पाच मिनिटं झाली. भाची वरून खाली गेली, खालून वर आली. दहा मिनिटं झाली. तिनं एक ओळ बदलली, पुन्हा होती तशी केली. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांना पोरीची मान दिसत होती आणि ती हळूहळू लाल होत चालली होती. शेजारच्या मशीनवर वर्गातले 'काका' बसले होते. चाळीशी उलटलेला शिंपी. डोळ्यांना बारीक टाका दिसेना म्हणून हे शिकायला आलेला. काकांना त्यांची ओळ एकोणिसाव्या मिनिटाला सापडली. त्यांनी दोन्ही हात मांडीवर पुसले आणि हळूच म्हटलं, "सुटलो बुवा."

विसावं मिनिट संपलं. भाचीनं मागे वळून पाहिलं.

"मला नाही येत, मावशी," ती म्हणाली.

वर्गात तोंडातून पहिल्यांदाच 'मावशी' निघालं. मॅडमनी वहीत शून्य लिहिलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सगळे गेल्यावर त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

"कुणी लिहिला?"

"काय मोजायचं, ते सगळं मी ठरवलं. रकाने माझे आहेत."

"ते मला कळतंय. लिहिला कुणी?"

भाचीनं जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाली, "दाढीवाल्यानं. मी त्याचे सगळे अहवाल लिहून दिले. त्याला चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत, मला चार ओळी. दोघांचं भागलं."

दाढीवाला वर्गात पहिला होता. मॅडमना हसावं की रडावं कळेना. वर्षभर ही पोर आपल्या डोळ्यांसमोर बसली होती, मान डोलवत होती, आणि आपण एकदाही शेजारी बसून पाहिलं नाही. का, तर लोकांनी भाचीचे लाड करते म्हणू नये.

बुधवारी सकाळी सहाला दारावर थाप पडली. ताई. कामावर जायच्या आधी आली होती, अंगात धुलाईखान्याचा निळा कोट. ती बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभी राहिली.

"नापास केलंस म्हणे."

"मी नाही केलं. ती झाली."

"घाबरते गं ती. तू मागे उभी राहिलीस की कुणीही घाबरेल. मी घाबरते."

मॅडमना हसू आलं नाही. "ताई, तो प्रोग्रॅम तिनं लिहिलेलाच नाही."

ताईनं हे ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, पण ती लगेच सावरली. "बरं. नाही लिहिला. तिथं गेल्यावर शिकेल. मी काय रूळ चालवायला शिकून गेले होते? पहिल्या आठवड्यात हात भाजला, दुसऱ्या आठवड्यात आलं."

"तिथं पहिल्या आठवड्यात कुणी हात धरून शिकवत नाही."

"एक नाव लिहायचं आहे," ताई म्हणाली. "एवढंच. तू लिहिलंस की कुणी विचारत नाही, हे तूच सांगितलंस मला."

खरंच सांगितलं होतं. फुशारकीनं सांगितलं होतं, ताईच्याच घरात, जेवताना.

ताईनं जुनी गोष्ट काढली नाही. आई गेली तेव्हा ताई पंधराची होती आणि मॅडम आठ वर्षांच्या. ताईनं शाळेचं दप्तर माळ्यावर टाकलं ते कायमचं, आणि धाकटीचं दप्तर रोज सकाळी भरलं. ताईनं ही गोष्ट तोंडावर मारली असती, तर मॅडमना भांडता आलं असतं. तिनं फक्त आपली मनगटं एकमेकांवर चोळली. गेली काही वर्षं ती नकळत तसं करायची. मग म्हणाली, "उशीर होतोय," आणि जिना उतरून गेली.

मॅडमनी चहा केला आणि न पिता ओतून दिला.

गुरुवारी दुपारी यादी द्यायची होती. दहा नावं सरळ होती. अकरावंही फारसं अडलं नाही. बारावं नाव काकांचं होतं. एकोणिसाव्या मिनिटाला का होईना, ओळ सापडली ती सापडली. मॅडमनी ते लिहिलं. मग खोडलं. मग नवा कागद घेतला आणि अकरा नावं पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिली, म्हणजे खाडाखोड दिसू नये. बाराव्या जागी भाचीचं नाव लिहिताना त्यांचा हात थरथरला नाही. उलट इतका सरळ चालला की त्यांना त्याचीच भीती वाटली.

संचालकांनी यादी वाचली, बाराव्या नावावर क्षणभर थांबले, चष्म्यावरून मॅडमकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचा शब्द आहे. मी कोण विचारणार?"

संध्याकाळी काकांनी फलकावरची यादी दोनदा वाचली. मग मॅडमपाशी आले. "मी तेरावा असेन, नाही का?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "थोडक्यात राहिलात."

"असू दे. तेरावा म्हणजे वाईट नाही. तीसजणांत." आणि ते पायऱ्या उतरून गेले. मॅडम खोलीत जाऊन दार लावून बसल्या. त्यांना वाटलं होतं, आता बरं वाटेल. वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला कंपनीच्या बाई आल्या. सडपातळ, करड्या जाकिटातल्या, तोंडात सतत पेपरमिंटची गोळी. बारा जण मोठ्या खोलीत धुतलेल्या कपड्यांत अवघडून बसले होते. भाची शेवटच्या खुर्चीत होती. मॅडमनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. गुरुवारपासून दोघी बोलल्या नव्हत्या. ताईनं घरी काय सांगितलं, पोरीनं काय ऐकलं, काहीच माहीत नव्हतं.

बाईंनी यादी हातात घेतली. "दरवर्षीसारखंच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त आमच्याकडे नवे साहेब आलेत. ते म्हणाले, निदान तिघांना बघून या. तुमचं ते दात काढणं. उगाच आपलं, कागदोपत्री."

"अवश्य," संचालक म्हणाले.

मॅडमनी मनात हिशोब केला. बाराजणांतले तीन. नऊ वेळा सुटका. त्या स्वतःला समजावत राहिल्या.

बाईंनी यादीवर पेन फिरवलं. "तिसरा. सातवी." पेन खाली आलं. "आणि एक अगदी शेवटचं घेऊ. बारावं."

तिघं मशीनवर बसले. बाईंनी स्वतः ओळी काढल्या. संचालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ लिहिली. खोलीत पंख्याचा आणि कीबोर्डचा आवाज, बाकी नऊजणही श्वास रोखून. तिसऱ्यानं सहाव्या मिनिटाला हात वर केला. सातवीनं अकराव्या. बाईंनी दोन्ही प्रोग्रॅम चालवून पाहिले आणि मान हलवली.

भाची पडद्याकडे बघत होती. ती वरखाली करत नव्हती. काहीच करत नव्हती. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मनातल्या मनात ती गेलेली ओळ ओरडून सांगत होत्या, कारण त्यांना ती इतक्या लांबूनही दिसत होती. एकदा वाटलं, पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जावं आणि खोकावं. पाऊल उचललंही.

तेवढ्यात भाचीनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"हा प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही," ती म्हणाली.

बाईंच्या तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "मग कुणी लिहिला?"

"ते मी नाही सांगणार."

पहिल्या खुर्चीत दाढीवाला स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता.

"मॅडमना हे सोमवारी कळलंय," भाची म्हणाली. आवाज बारीक होता, पण तुटला नाही. "सोमवारी मी नापास झाले. वहीत लिहिलेलं असेल."

संचालक पुढे झाले. "पोरगी गांगरलीय हो. असं होतं. मॅडम, तुम्ही सांगा यांना."

सगळे मॅडमकडे बघू लागले. एक वाक्य पुरलं असतं. ती घाबरट आहे, आमच्या घरातलीच आहे, मला माहीत आहे. ते वाक्य तोंडात तयार होतं. मॅडमनी भाचीकडे पाहिलं. पोर त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, त्या सापडत नसलेल्या जागेकडे, जणू काही अजून शोधतच होती.

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी तिला शून्य होतं. ती माझी भाची आहे. मी नाव घातलं."

बाईंनी यादी पुन्हा वर धरली.

"आणि बाकीची अकरा नावं?" बाईंनी विचारलं.

"ती खरी आहेत."

"हे मी आता कशावरून मानायचं?" बाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त झोंबलं. "उरलेल्या सगळ्यांचं मी स्वतः बघते. कुणी बाहेर जायचं नाही."

चाचणी पाच वाजेपर्यंत चालली. मॅडमना खोलीत थांबायची परवानगी नव्हती. त्या व्हरांड्यात बाकावर बसल्या. आतून एकेक जण बाहेर यायचा आणि त्यांच्याकडे न बघता निघून जायचा. दाढीवाल्याला चार मिनिटं लागली. अकरातले नऊ टिकले. दोघं पडले. त्यातली एक मुलगी सोमवारी पाचव्या मिनिटाला उठली होती. आज तिचे हात थरथरायला लागले आणि थांबेचनात. ती मात्र मॅडमपाशी थांबली.

"मला येत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहितीये मला येत होतं."

"हो," मॅडम म्हणाल्या.

शेवटी बाई भाचीला घेऊन बाहेर आल्या. त्या तिला विचारत होत्या, डाग न गेलेल्या चादरींचा वेगळा रकाना कशाला ठेवलास. भाची सांगत होती, की त्या दोनदा धुतल्या जातात आणि दोनदा मोजल्या जातात, म्हणून वॉर्डाचा आणि धुलाईखान्याचा आकडा कधी जुळत नाही आणि रोज भांडणं होतात.

"हे कामाचं आहे," बाई म्हणाल्या. "पण आमच्या जागेसाठी नाही." मग मॅडमकडे वळल्या. "तुमच्या यादीचं आमच्याकडे खूप नाव होतं."

"एक माणूस यादीत असायला हवा होता," मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना काढलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण त्यांना तपासा."

बाईंनी जरा विचार केला. "बुधवारी पाठवा."

बाई गेल्या. व्हरांड्यात दोघीच उरल्या. सफाईवाला टोकाच्या खोलीत खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवत होता.

"काल सांगायचं होतंस मला," मॅडम म्हणाल्या. "मी नाव काढलं असतं."

"घालताना विचारलं होतंस का?" भाची म्हणाली. "तुम्ही दोघींनी ठरवलं. आई म्हणाली, मावशीनं केलंय, आता तोंड उघडू नकोस. मी रात्रभर पाठ केला तो प्रोग्रॅम. अख्खा. पाठ करून काय होतं? बाईंनी ओळ काढली तर मला कळेना की मी विसरले का त्यांनी काढली."

"माझं सगळ्यांदेखत नाव सांगितलंस."

"खोटं सांगू?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. भाचीनं पिशवी उचलली आणि एकटीच निघाली. बसथांब्यापर्यंत तरी सोबत जावं असं मॅडमना वाटलं, पण त्या उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅडम काकांकडे गेल्या. काका एका कपड्याच्या दुकानात गल्ल्यामागे उभे होते. गुरुवारी यादी पाहून ते थेट इथंच आले होते आणि शुक्रवारपासून कामाला लागले होते. मॅडमनी गिऱ्हाईक जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग काही न लपवता सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. गळ्यातली मोजपट्टी बोटांना गुंडाळत, सोडत राहिले.

"तुम्ही तेरावा म्हणालात," ते शेवटी म्हणाले. "मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, मी तेरावा. पोरांना सांगितलं. मला शंकासुद्धा आली नाही. एवढंच जरा लागलं, मॅडम."

बुधवारी ते गेले. त्यांना ओळ सतराव्या मिनिटाला सापडली आणि त्यांना घेतलं. ही बातमी त्यांनी संस्थेच्या कार्यालयात कळवली, मॅडमना नाही.

यादी करायचं काम संचालकांनी काढून घेतलं. पुढच्या वर्षीपासून कंपनी प्रत्येकाला स्वतः तपासणार असं ठरलं. मुलांना ते जास्त जड गेलं, आणि का जड जातंय हे नव्यानं आलेल्या मुलांनाही माहीत होतं. हात थरथरलेली मुलगी तीन महिन्यांनी दुसरीकडे लागली. दुसऱ्या मुलाचं काय झालं ते मॅडमना कळलं नाही. त्यांनी दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. शिकवताना त्या आता मागे उभ्या राहत नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसतात, आणि विचारतात, "हे तू का लिहिलंस, मला सांग." त्यामुळे अभ्यासक्रम नेहमी दोन आठवडे मागे पडतो आणि संचालक कुरकुरतात.

ताई आठ महिने बोलली नाही. मॅडम सणासुदीला गेल्या तर पाणी द्यायची, खायला द्यायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. भाची घरी नसायची. कुठेतरी जाते, सकाळी जाते आणि संध्याकाळी येते, एवढंच कळायचं.

मग एका रविवारी ताई स्वतः आली. या वेळी बसली. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तिला नोकरी लागली. महिना झाला."

"कुठं?"

"लोकांचे फोन घ्यायचे. मशीन बंद पडलं की लोक फोन करतात, ही विचारते काय झालं, कसं झालं, आणि आतल्या माणसांना नीट समजावून सांगते. प्रोग्रॅम लिहायचा नाही म्हणे. आता थोडं लिहायलाही शिकतेय, तिथल्याच कुणाकडून."

"स्वतः शोधली?"

"स्वतःच. मुलाखतीला गेली ते सांगितलं नाही, लागली ते सांगितलं नाही. काल तिच्या पिशवीत ओळखपत्र सापडलं तेव्हा मला कळलं." ताईनं बहिणीकडे रोखून पाहिलं. "तुला सांगितलं होतं?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, ताई."

ताईनं एवढा मोठा श्वास सोडला की खांदे खाली आले. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "चहा टाक."